खिशात मावणारा सिंथसायझर घेताना: आधी सिक्वेन्सर तपासा, मग आवाज ऐका

सुमारे तीनशे ग्रॅम वजनाचा, पाठीवरच्या सॅकमध्ये डब्याशेजारी सहज बसणारा, आणि तरीही स्वर निर्माण करणारा, ते लक्षात ठेवणारा व लयीत पुन्हा वाजवणारा सिंथसायझर आज अनेक कंपन्या बनवतात. कोर्गने २०१३ साली वोल्का मालिका आणली, टीनएज इंजिनीअरिंगची पॉकेट ऑपरेटर यंत्रे २०१५ मध्ये आली, नोव्हेशनचे सर्किट ट्रॅक्स २०२१ मध्ये आणि रोलँडच्या आयरा कॉम्पॅक्ट मालिकेतले एस-१ हे २०२३ मध्ये आले. त्यानंतरही दर काही महिन्यांनी एखादे नवे यंत्र येत असते, आणि नवख्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो की यातले आपल्या कामाचे कोणते.

मी लहानपणापासून पेटी वाजवत आलो आहे. या प्रकारचे पहिले यंत्र मी केवळ त्याच्या आवाजावर भाळून घेतले. आवाज खरोखरच सुंदर होता. परंतु त्यात केलेले काम पुढे नेता येत नव्हते, सोळा पायऱ्यांच्या (एकेक स्वर ठेवण्याच्या जागांच्या) पलीकडे जाता येत नव्हते, आणि काल सापडलेला आवाज आज परत मिळत नव्हता. तीन महिन्यांत ते कपाटात गेले. पुढची यंत्रे निवडताना मी जी पद्धत वापरली आणि जी आता इतरांनाही सांगतो, ती येथे क्रमाने मांडत आहे.

१. आपल्याला काय करायचे आहे, ते एका वाक्यात लिहा

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे: "मला रेल्वेत बसून चाली बांधायच्या आहेत", किंवा "मला गाण्यामागे वाजणारा ठेका व खर्ज हवा आहे", किंवा "मला आवाज कसा घडतो ते शिकायचे आहे". या तीन वाक्यांची उत्तरे तीन वेगवेगळी यंत्रे आहेत.

एस-१ हा सिंथसायझर आहे. त्यात तालवाद्यांचा स्वतंत्र विभाग नाही आणि एका वेळी एकच प्रकारचा आवाज वाजतो. ठेका हवा असेल तर त्याच मालिकेतले टी-८ जोडावे लागते, म्हणजे खर्च दुप्पट होतो. सर्किट ट्रॅक्समध्ये दोन सिंथ, चार तालवाद्ये आणि बाहेरची वाद्ये चालवण्यासाठी मिडीचे (वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या संदेशपद्धतीचे) दोन ट्रॅक एकत्र मिळतात, त्यामुळे संपूर्ण रचना एकाच यंत्रावर उभी राहते. मात्र ते आकाराने बरेच मोठे आहे. टीनएज इंजिनीअरिंगचे ईपी-१३३ हे मुळात सँपलर आहे, म्हणजे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारे यंत्र. आवाज घडवण्याचे शिक्षण घ्यायचे असेल, तर नॉब फिरवताच आवाज बदलणारा साधा सिंथसायझर अधिक उपयोगी ठरतो.

२. सिक्वेन्सरची परीक्षा आधी घ्या

लहान यंत्रावर आपला बहुतेक वेळ सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे भरलेले स्वर क्रमाने लक्षात ठेवून पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या भागात जातो. पट्ट्यांऐवजी बोटाच्या पेराएवढी बटणे असतात, त्यामुळे त्यावर सलग वादन करणे अवघडच. आपण एक-एक स्वर पायरीवर ठेवतो, आवर्तन फिरू देतो आणि ऐकत ऐकत दुरुस्त करतो. हे काम ज्या यंत्रावर सुलभ नाही, त्याचा आवाज कितीही चांगला असला तरी ते यंत्र हातात राहत नाही. पुढील गोष्टी नेमकेपणाने विचाराव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे पायऱ्या किती आणि शेवटची पायरी आपल्याला ठरवता येते का. हा प्रश्न आपल्या तालांमुळे फार महत्त्वाचा होतो. एका मात्रेचे चार भाग धरले तर तीनतालाच्या एका आवर्तनाला ६४ पायऱ्या लागतात, एकतालाला ४८, झपतालाला ४० आणि रूपकाला २८. एस-१ मध्ये एका पॅटर्नला, म्हणजे फिरत राहणाऱ्या एका रचनेला, ६४ पायऱ्या मिळतात व शेवटची पायरी बदलता येते, म्हणून हे चारही ताल त्यात पूर्ण बसतात. सर्किट ट्रॅक्समध्ये एका पॅटर्नला ३२ पायऱ्या आहेत. रूपक त्यात बसतो, तीनतालासाठी मात्र दोन पॅटर्न साखळीने जोडावे लागतात. वोल्कातल्या पहिल्या यंत्रांमध्ये १६ पायऱ्या आहेत. त्यांपैकी काहींत नको असलेल्या पायऱ्या वगळण्याची सोय आहे, त्यामुळे दोन पायऱ्या वगळून मात्रेला दोन भाग या हिशेबाने रूपकाच्या १४ पायऱ्या मिळवता येतात, पण झपतालाच्या २० मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट, पॅटर्न बदलण्याची आज्ञा दिल्यावर तो लगेच बदलतो की आवर्तन संपवून समेवर बदलतो. आपल्याला जवळजवळ नेहमी दुसरा प्रकार हवा असतो. तिसरी गोष्ट, वाजत असताना, काहीही न थांबवता स्वर बदलता येतो का. जेथे प्रत्येक दुरुस्तीसाठी थांबावे लागते, तेथे लय मनातून निसटते.

चौथी गोष्ट म्हणजे दोन पायऱ्यांच्या मधली जागा. आपण वाजवलेले सर्व काही जर जबरदस्तीने पायरीवर ओढले जात असेल, तर केरव्याचा झोका कधीच येत नाही. सर्किट ट्रॅक्समध्ये प्रत्येक पायरीचे आणखी सहा सूक्ष्म भाग पडतात आणि स्वर त्यांतल्या कोणत्याही भागावर ठेवता येतो. एस-१ मध्ये एका पायरीचे उपभाग पाडण्याची सोय आहे. शफलचा (लयीला झोका देणारा) नॉब असला तरी तेवढ्यावर समाधान मानू नये, कारण तो एकाआड एक पायऱ्यांना एकाच मापाने सरकवतो.

पाचवी गोष्ट, नॉबची हालचाल पायऱ्यांसोबत नोंदवली जाते का. फिल्टर (आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणारा भाग) हळूहळू उघडत जाणे किंवा एकाच स्वरावर आवाज बदलणे ही या यंत्रांची खरी शोभा आहे. एलेक्ट्रॉन या कंपनीच्या यंत्रांची कीर्ती मुख्यतः प्रत्येक पायरीला स्वतंत्र ध्वनिगुण देण्याच्या सोयीवरच उभी आहे.

३. केलेले काम जपून राहते का, हे पाहा

येथे नवखे लोक हमखास फसतात. "पॅटर्न साठवता येतात" याचा अर्थ "आवाजही साठवला जातो" असा नसतो. वोल्का बास आणि वोल्का कीज यांमध्ये आठ पॅटर्न साठवता येतात, पण नॉब ज्या जागी होते ती जागा साठवली जात नाही. उद्या यंत्र सुरू केले की नॉब आत्ता जेथे आहेत तोच आवाज मिळतो. अशा यंत्राचा सांभाळ करणारे लोक नॉबांचे फोटो काढून ठेवतात, आणि ती सवय चांगलीच आहे, परंतु हे आधी माहीत असायला हवे.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. आवाज आणि पॅटर्न दोन्ही साठवले जातात का? साठवण आपोआप होते की बटण दाबावे लागते? आणि सर्व काम संगणकावर प्रत म्हणून काढून ठेवता येते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर यंत्र बिघडल्यावर त्यातले कामही गेले, असे समजून निर्णय घ्यावा.

४. आता आवाज ऐका, पण आपल्या कानाने

तयार आवाज कंपनीने निवडक तज्ज्ञांकडून बनवून घेतलेले असतात आणि ते प्रभावी असतातच. म्हणून सर्वांत साधा, प्रक्रिया न केलेला आवाज निवडावा, प्रतिध्वनी आणि डिले (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारी सोय) पूर्ण बंद करावेत आणि मग फिल्टरचा नॉब सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. आवाज गुळगुळीत सरकतो की पायऱ्या-पायऱ्यांनी उडी मारतो, हे हेडफोनमध्ये स्पष्ट कळते.

एका वेळी किती स्वर वाजतात, हेही मोजावे. वोल्का कीजमध्ये तीन, एस-१ मध्ये चार आणि सर्किट ट्रॅक्सच्या प्रत्येक सिंथमध्ये सहा स्वर एकत्र वाजू शकतात. चार स्वरांची मर्यादा असताना चार स्वरांचा कॉर्ड लांब धरून ठेवला आणि वर एक सुरावट वाजवली, की कॉर्डमधला एखादा स्वर गळून पडतो. एकच सुरावट वाजवणाऱ्याला ही अडचण जाणवत नाही.

गायनाच्या साथीसाठी यंत्र घेणाऱ्यांनी पट्टीचा प्रश्न अवश्य पाहावा. काळी दोनमध्ये बांधलेली रचना काळी चारमध्ये न्यायची तर सर्व स्वर पाच अर्धस्वरांनी वर सरकवावे लागतात. संपूर्ण पॅटर्न एका खुणेसरशी सरकवता येत असेल तर हे क्षणाचे काम आहे. नसेल तर प्रत्येक पायरी पुन्हा भरावी लागते. याशिवाय तंबोऱ्याशी जुळवण्यासाठी सूक्ष्म ट्यूनिंगची सोय आहे का, आणि मींडेसारखी सरक मिळावी म्हणून स्वरांमधल्या सरकण्याचा वेग कमी-जास्त करता येतो का, हेही तपासावे. अशा सरकत्या स्वरांवर आपल्याकडे फार पूर्वी काम झालेले आहे: १९८२ साली मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे एकत्र घेऊन राग वाजवले होते. एस-१ ज्यावर बेतले आहे ते एसएच-१०१ हेही त्याच वर्षीचे. तेही बॅटरीवर चालत असे, पट्टा लावून गळ्यात अडकवता येत असे, आणि त्यात शंभर पायऱ्यांचा सिक्वेन्सर होता.

५. जॅक आणि केबल: सर्वाधिक मनस्ताप येथेच होतो

यंत्र घरी आल्यावर "आवाज येत नाही" किंवा "लय जुळत नाही" अशा ज्या तक्रारी होतात, त्यांतल्या बऱ्याचशा केबलच्या असतात. चार ठिकाणी विशेष काळजी घ्यावी.

लहान यंत्रांवर जागा नसल्याने पाच पिनांच्या मोठ्या मिडी जॅकऐवजी हेडफोनसारखा ३.५ मिलिमीटरचा जॅक दिलेला असतो. त्याच्या जोडणीच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन पद्धती आहेत. २०१८ पासून 'ए' ही प्रमाण मानली गेली आहे, पण त्यापूर्वीची अनेक यंत्रे 'बी' पद्धतीची आहेत. चुकीचे अडॅप्टर लावल्यास यंत्राला सहसा इजा होत नाही, फक्त काहीच घडत नाही, आणि नवखा माणूस तासन्‌तास सेटिंग्ज शोधत बसतो. वोल्काच्या पहिल्या यंत्रांना पाच पिनांचा मिडी इन आहे, आउट नाही, हेही लक्षात ठेवावे.

दोन यंत्रांची लय जुळवण्यासाठी सिंक नावाचा जॅक असतो. मिडीच्या घड्याळात एका ठोक्याला २४ स्पंद असतात, तर वोल्काच्या सिंकमध्ये एका ठोक्याला दोनच. दोन यंत्रांची ही मोजणी वेगळी असेल तर एक यंत्र दुसऱ्याच्या दुप्पट किंवा निम्म्या वेगाने धावते. ते बिघडलेले नसते. स्पंदांची संख्या बदलण्याची सेटिंग शोधावी.

तिसरा सापळा स्टेरिओ आउटपुटचा. यंत्रातून निघणारी एकच स्टेरिओ केबल मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड (दोन तारांमधला फरक घेणाऱ्या) जॅकमध्ये खुपसल्यास दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज एकमेकांना रद्द करतो. खर्ज आणि मुख्य सुरावट नाहीशी होते आणि मागचा प्रतिध्वनी तेवढा ऐकू येतो. एका टोकाला स्टेरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन स्वतंत्र मोनो जॅक अशी केबल घ्यावी.

चौथे, अनेक यूएसबी-सी केबल केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. संगणकाला यंत्र दिसत नसेल तर सर्वप्रथम केबल बदलून पाहावी.

६. वीज

वोल्काला सहा पेन्सिल सेल लागतात, पॉकेट ऑपरेटरला दोन लहान सेल. एस-१ आणि सर्किट ट्रॅक्स यांत चार्ज होणारी बॅटरी आतच असते आणि ती साधारण चार ते साडेचार तास चालते. मुंबई-पुणे जाण्याला ती पुरते, मुंबई-नागपूरला पुरत नाही. पॉवर बँक सोबत ठेवायची असेल तर ती आधी लावून पाहावी, कारण यंत्र फार कमी वीज घेत असल्यास काही पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून आपोआप बंद होतात.

वोल्काचा अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो. त्याला ९ व्होल्ट लागतात आणि पिनेचा मध्यभाग धन असावा लागतो. गिटारच्या पेडलांचे बहुतेक अडॅप्टरही ९ व्होल्टचेच असतात, पण त्यांचा मध्यभाग ऋण असतो. घरात पडलेला अडॅप्टर केवळ "नऊचा आहे" म्हणून कधीही लावू नये. अडॅप्टरवर छापलेली वर्तुळाची खूण पाहावी.

७. दुकानातली वीस मिनिटे

गेल्या वर्षी भाचीसाठी यंत्र पाहायला गेलो होतो. ती गाणे शिकते, तिची पट्टी काळी चार आहे. विक्रेत्याने मोठ्या स्पीकरवर तयार पॅटर्न लावला आणि दुकान दणाणून गेले. ती शांतपणे म्हणाली, "काका, हे बंद करा ना, मला रिकामं पाहिजे." मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "मामा, याच्यात सात कसे करायचे?" मी उत्तर दिले नाही. तिने शिफ्टचे बटण दाबून धरले, बटणांखाली छापलेली बारीक अक्षरे डोळे जवळ नेऊन वाचली, शेवटची पायरी २८ वर आणली, आणि चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर हाताने टाळी देत खर्जाचे स्वर भरू लागली. रूपकाची सम खालीवर येते, म्हणून पहिली पायरी तिने मुद्दाम मोकळी ठेवली होती. सहाव्या-सातव्या मिनिटाला आवर्तन फिरू लागले आणि ती त्यावर गुणगुणायला लागली. शेजारच्या यंत्रावर तेच करायला गेलो, तेव्हा पंधरा मिनिटांनंतरही आम्ही मेन्यूतच होतो. दोन्ही यंत्रांचा आवाज तोलामोलाचा होता.

दुकानात जाताना हीच पद्धत वापरावी. स्वतःचे वायरचे हेडफोन न्यावेत, रिकामा पॅटर्न मागावा, आपल्याला पाठ असलेली एकच चाल त्यात भरावी, ती साठवावी, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि चाल जशीच्या तशी परत येते का ते पाहावे. शिफ्ट धरून दुसरे बटण दाबण्याची वेळ किती वेळा आली, तेही मोजावे. हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि लयीचा अंदाज चुकतो.

८. खरेदी आणि कागदपत्रे

भारतात अधिकृत विक्रेत्याकडून घेतल्यास किंमत थोडी अधिक वाटते, परंतु हमी येथेच मिळते. परदेशातून मागवल्यास सीमाशुल्क आणि कर हे वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक व विमा धरून होणाऱ्या मूल्यावर आकारले जातात, आणि कुरिअर कंपनी ओळखपत्राची मागणी करते. नातेवाईक परदेशातून आणणार असतील तर त्या देशातली हमी येथे चालते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. मला एकदा "आंतरराष्ट्रीय हमी" असे तोंडी सांगून यंत्र विकण्यात आले होते. जॅक सैल झाल्यावर दुरुस्तीचा पूर्ण खर्च मीच केला.

सोबत ठेवण्याच्या गोष्टी:

- जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक
- शिक्का व तारीख असलेले हमीपत्र
- परदेशातून येणाऱ्या पार्सलसाठी ओळखपत्राची प्रत आणि शुल्क भरल्याची पावती
- उघडण्यापूर्वीपासून सलग काढलेला पार्सलचा व्हिडिओ
- माहिती वाहून नेणारी यूएसबी केबल, योग्य प्रकारचे मिडी अडॅप्टर, सिंकसाठी ३.५ मिलिमीटरची केबल, स्टेरिओतून दोन मोनो काढणारी केबल

वापरलेले यंत्र घेताना प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून खरखर ऐकावी, प्रत्येक बटण दाबून एकाच दाबात एकच स्वर येतो ना ते पाहावे, आणि सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरे डाग आहेत का ते उघडून बघावे. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी हा कप्पा विशेष लक्ष देऊन पाहावा. दमट हवेत विसरलेले सेल आतले संपर्क खाऊन टाकतात.

९. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी

पहिल्या आठवड्यात नवे आवाज शोधत बसण्याआधी तपासणी उरकावी. बॅटरी पूर्ण भरून ती संपेपर्यंत यंत्र वाजवावे आणि तास मोजावेत. प्रत्येक जॅकमध्ये केबल घालून हळूच हलवावी आणि आवाज तुटतो का ते ऐकावे. चार्जर लावलेला असताना आउटपुट स्पीकरला जोडावे. गुणगुण ऐकू आली तर चार्जर काढून पुन्हा ऐकावे. गुणगुण थांबली तर दोष विजेच्या जोडणीतला आहे आणि बॅटरीवर वाजवताना त्रास होणार नाही. न थांबल्यास आधी केबल बदलून पाहावी, आणि तरीही कायम राहिली तर ती यंत्रातली धरावी. कंपनीच्या संकेतस्थळावरून नवीन फर्मवेअर (यंत्र चालवणारी आतली आज्ञावली) उतरवून बसवावे, पण त्यापूर्वी केलेल्या कामाची प्रत संगणकावर काढावी. दोष आढळला तर त्याचा व्हिडिओ काढून, अनुक्रमांक लिहून, त्याच दिवशी विक्रेत्याला ईमेल करावा आणि फोनवर झालेले बोलणेही त्याच ईमेलमध्ये पुन्हा लिहून पाठवावे.